पश्चिमेच्या खिडकीतला वरवंटा

सुपडू मिस्तरीनं आधी खिडकी पाहिलीच नाही.
बशीतून चहा घेतला, सावकाश,
मग चौकटीत अंगठ्याचं नख रुतवलं
आणि म्हणाला, "सडेल नाही, ताई. नुस्तं तहानेल आहे."

अॅल्युमिनियमवाला सकाळीच येऊन गेला होता
टेप ओढत, सोडत, सट् सट्.
सात खिडक्या, दोन दिवस,
जुनं सागवान तो फुकट उचलून नेणार होता,
वर उपकार केल्यासारखा हसला.
भुसावळच्या आमच्या गल्लीत आता
सगळ्यांच्या काचा आडव्या सरकतात.
आमच्याच तेवढ्या वर जातात, खाली येतात.
म्हणजे, जायच्या.
सोळा वर्षं ही खिडकी उभी आहे
पोराच्या सहावीतल्या लाकडी फुटपट्टीच्या टेकूवर.

मिस्तरीनं पटाशीनं बाजूची पट्टी उचलली.
मला वाटायचं, चौकट म्हणजे भरीव.
ती पोकळ निघाली. भिंतीत एक अरुंद, उभी खोली,
तिच्यात कोळशाच्या इंजिनांची काजळी,
बोटाला अजून तेलकट.
वर पितळी कप्पी, रंगानं मुकी झालेली.
तळाशी, तुटल्या दोरीसकट,
डावीकडे ओतीव लोखंडाचं वजन,
उजवीकडे वरवंटा.

वरवंटा. काळ्या दगडाचा, एका अंगानं झिजलेला,
कंबरेला छिन्नीनं खाच पाडून
सुतळीनं आवळलेला.

घर आम्ही घेतलं रोझारिओ गार्डच्या मुलीकडून.
त्यांच्या घरात पाटा होता का?
वाटण कोण वाटायचं, आणि ज्या दिवशी
वरवंटा भिंतीत गेला, त्या दिवशी कालवण कसं झालं?
मिस्तरीला विचारलं. तो म्हणाला,
"खिडकीले वजन लागतं, ताई. कोनाचं का असेना."

सहा खिडक्या वाचल्या.
कुजलेल्या कडा कापून नवं लाकूड सांधलं,
खडूची भुकटी, जवसाचं तेल, मळून मळून लांबी,
ती काचेच्या कडेनं अंगठ्यानं ओढली.
मे महिना, सत्तेचाळीस अंश,
लाकूड आकसून बसलेलं;
म्हणून प्रत्येक फटीत त्यानं रुपयाचं नाणं फिरवून पाहिलं,
"श्रावणात फुगंल ते. जागा ठेवा लागते."

सातवी वाचली नाही.
तिचं खालचं तावदान अर्धं कापलेलं होतं, कूलर बसवायला.
कोणी कापलं, त्यानं विचारलं नाही.
मी पदर सारखा केला, पंख्याचं बटन दाबलं,
आणि मग सांगून टाकलं: आम्हीच.
करवत मी धरली होती, ह्यांनी कूलर.

सातवीचं नवं तावदान सायकलला बांधून
तो केळीच्या वखारीत घेऊन गेला.
मोठ्या काट्यावर, हिरव्या घडांच्या रांगेत,
तावदान तोललं: काचेसकट अकरा किलो दोनशे.
म्हणजे दोन्ही बाजूंना पाच सहाशे, पाच सहाशे.
हमाल हसले. मिस्तरीनं आकडा
कानामागच्या पेन्सिलीनं तळहातावर लिहिला.
त्या हिशोबानं भंगारातून पाइपाचे तुकडे आणले,
वाळू, छर्रे भरून दोन्ही तोंडं बुजवली.

वरवंट्याच्या जागी मात्र काही आणलं नाही.
मी तो धुतला, दोन दिवस ओट्यावर ठेवला.
लसूण ठेचून पाहिला एकदा. चांगला ठेचला गेला.
तिसऱ्या दिवशी मीच नवी दोरी
त्याच्या खाचेत गुंडाळून मिस्तरीच्या हातात दिला.

रात्री पावणेतीनला जाग आली.
मालगाडी गेली असणार,
पण काच थरथरली नाही, आणि मला कळलं नाही
ती खांडव्याकडे गेली की मनमाडकडे.
दोन बोटांनी खिडकी उचलली.
भिंतीत काहीतरी सावकाश खाली गेलं.
जिथं हात काढला तिथंच ती थांबली.

फुटपट्टी मात्र सापडत नाहीये.
मिस्तरीनं मापाला नेली असावी.